दुर्बीण वेगळी, सूक्ष्मदर्शक वेगळा : व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया निवडताना

विवाहाला दोन-तीन वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली तपासणी सुनेची होते. तिची सोनोग्राफी होते, रक्ताच्या चाचण्या होतात, कोणीतरी सुचविलेली औषधे सुरू होतात, सोमवार आणि गुरुवार धरले जातात. मुलाची वीर्यतपासणी मात्र वर्ष-दीड वर्षानंतर, तीही डॉक्टरांनी दोनदा बजावल्यावर होते. वास्तविक अपत्यप्राप्तीत अडचण असलेल्या दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळून येते. शिवाय सर्व तपासण्यांमध्ये वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची आहे. असे असूनही ती शेवटी होते आणि मधल्या काळातील बोलणी सुनेला ऐकावी लागतात. वाचकहो, आपल्या घरात हा प्रश्न असेल, तर दोघांची तपासणी एकाच आठवड्यात करून घ्यावी, हे सर्वप्रथम सांगावेसे वाटते.

अहवालात शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी निघाली, की पुढील शारीरिक तपासणीत एक शब्द वारंवार कानी पडतो : व्हेरिकोसील. मुलगा घरी येऊन संकोचाने एवढेच सांगतो, की शिरा फुगल्या आहेत, छोटे ऑपरेशन आहे, दुर्बिणीने करणार आहेत. खर्चाची तजवीज, रुग्णालयातील सोबत आणि नंतरची शुश्रूषा यांचा भार बहुधा आईवडिलांवरच येतो. पण ऑपरेशन कोणते, कशासाठी आणि त्यातून काय साधणार, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

फुगलेल्या शिरांचा प्रकार

पोटरीवरील निळसर, वेटोळ्या शिरा आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या पायावर पाहिलेल्या असतील. तोच प्रकार वृषणकोषात घडतो. वृषणाकडून रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये लहान लहान झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या, की रक्त उलटे उतरते, साचते आणि शिरा फुगून हाताला गांडुळांच्या पुंजक्यासारख्या लागतात. दहापैकी नऊ रुग्णांत हा दोष डाव्या बाजूस असतो. उजव्या वृषणाची शीर शरीरातील महाशिरेला तिरकी मिळते. डावीला अधिक लांबचा प्रवास करून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळावे लागते. माणूस उभा असताना रक्ताचा एवढा उंच स्तंभ तोलून धरणे डाव्या बाजूच्या झडपांना जड जाते.

निसर्गाने वृषण पोटाच्या बाहेर ठेवले आहेत, कारण शुक्राणूंच्या निर्मितीस शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे दोन अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. साचलेले ऊबदार रक्त हा थंडावा हिरावून घेते. त्यामुळे शुक्राणूंची संख्या घटते, त्यांची हालचाल मंदावते आणि काहींच्या बाबतीत वृषणाचा आकारही हळूहळू लहान होतो.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. शंभर पुरुषांमागे सुमारे १५ जणांना व्हेरिकोसील असते आणि त्यांतील बहुतेकांना मुलेबाळे होतात. अपत्यप्राप्तीसाठी तपासणीला येणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. पहिले मूल सहज झाले आणि दुसऱ्याच्या वेळी अडचण आली, अशा पुरुषांत ते त्याहूनही अधिक आढळते. 'एक झाले आहे, म्हणजे मुलात दोष नाही' हा घरोघरी होणारा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

शस्त्रक्रिया कोणाला हवी

पद्धतींची तुलना करण्याआधी हा प्रश्न सोडविला पाहिजे. अनेक कुटुंबे तो ओलांडून थेट खर्चाच्या आकड्याकडे जातात. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झालेली नाही, व्हेरिकोसील डॉक्टरांच्या हाताला प्रत्यक्ष लागते आहे, वीर्यतपासणीत दोष आहे आणि पत्नीची तपासणी समाधानकारक किंवा तिच्यातील दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. केवळ सोनोग्राफीत दिसणारे, हाताला न लागणारे व्हेरिकोसील असेल, तर अपत्यप्राप्तीसाठी त्यावर शस्त्रक्रिया करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्टपणे सांगतात. सोनोग्राफीच्या अहवालात हा शब्द छापून आला, एवढ्यावरून कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. वीर्यतपासणी पूर्णपणे समाधानकारक असेल, तरीही हाच नियम लागू होतो.

वीर्याचा एकच अहवाल पुरेसा मानू नये. ताप, जागरण, प्रवास, नमुना देण्यापूर्वीच्या संयमाचे दिवस या सर्वांमुळे आकडे वरखाली होतात. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा मानली जाते. त्याहून थोडे कमी म्हणजे 'मूल होणारच नाही' असे नव्हे, हे मुलाला शांतपणे सांगणारे कोणीतरी घरात असावे. अहवालात शुक्राणू अजिबात आढळले नाहीत, तर प्रकरण वेगळे असते. संप्रेरकांच्या आणि आनुवंशिक तपासण्या झाल्याखेरीज शस्त्रक्रियेची घाई करू नये.

आणखी एक बाब सुनेच्या वयाची. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा परिणाम अहवालात दिसण्यास तीन ते सहा महिने आणि गर्भधारणा होण्यास बहुधा सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष लागते. सुनेचे वय २७ असेल, तर एवढी वाट पाहणे परवडते. ते ३७ असेल आणि तिच्या बीजांडांचा साठा कमी असेल, तर तो वेळ अत्यंत मोलाचा ठरतो. अशा वेळी टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग आधी घ्यावा का, याचा विचार मूत्ररोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावयास हवा. माझ्या मते, या दोन डॉक्टरांची परस्परांशी गाठ घालून देणे हे कुटुंबाकडून होऊ शकणारे सर्वांत उपयुक्त काम आहे.

एकच उद्दिष्ट, अनेक वाटा

सर्व पद्धतींचे उद्दिष्ट एकच : फुगलेल्या शिरा बंद करावयाच्या, म्हणजे रक्त उलटे उतरणार नाही आणि निरोगी आडवाटांनी वर जाईल. अडचण अशी, की त्याच जुडग्यात वृषणाला रक्त पुरविणारी धमनी असते; ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिच्या शेजारी लसिकावाहिन्या असतात. ऊतींमधील पाणी वाहून नेणाऱ्या या नलिका जवळजवळ पारदर्शक असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. एखादी शीर बांधावयाची राहून गेली, तर व्हेरिकोसील पुन्हा होते. लसिकावाहिन्या चुकून बांधल्या गेल्या, तर वृषणाभोवती पाणी साचते. त्यालाच आपण हायड्रोसील किंवा अंडवृद्धी म्हणतो. धमनी बांधली गेली, तर वृषण सुकण्याचा धोका संभवतो. कोणती पद्धत या तीन चुका किती टाळते, यावरच तिचे मूल्यमापन होते.

अर्जेंटिनाचे शल्यविशारद इव्हानिसेविच यांनी १९१८ मध्ये जांघेत छेद घेऊन शिरा बांधण्याची पद्धत मांडली. ग्वाटेमालाचे पालोमो यांनी १९४९ मध्ये त्याहून वर, पोटाच्या खालच्या भागात छेद घेतला. तेथे शिरांची संख्या कमी असते, त्यामुळे काम लवकर आटोपते. त्यांनी शिरेबरोबर धमनीही बांधली. वृषणाला रक्त पुरविणाऱ्या इतर लहान धमन्या असल्याने ते बहुधा निभावते. तोवर ही शस्त्रक्रिया मुख्यतः दुखणे आणि सूज यांसाठी होत असे. एडिंबरोच्या टलॉक यांनी १९५० च्या दशकात, ज्याच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते अशा एका रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या शिरांवर शस्त्रक्रिया केल्यानंतर त्याला अपत्यप्राप्ती झाल्याचे प्रसिद्ध केले आणि या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

पुढे लॅप्रोस्कोपी आली. पोटावर तीन लहान छिद्रे पाडून, पोटात वायू भरून, कॅमेऱ्याच्या साह्याने वरच्या पातळीवर शिरा बंद केल्या जातात. त्यासाठी संपूर्ण भूल द्यावी लागते. दोन्ही बाजूंचे व्हेरिकोसील एकाच वेळी हाताळता येते, ही तिची सोय. परंतु जांघेजवळच्या एका उथळ समस्येसाठी पोटाच्या पोकळीत शिरावे लागते, आणि आतडे किंवा मोठ्या रक्तवाहिनीस इजा होण्याचा, कमी असला तरी खरा, धोका पत्करावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया याहून निराळी. अमेरिकेतील मार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तिचे वर्णन केले. न्यूयॉर्कच्या गोल्डस्टीन यांनी १९९२ मध्ये ६४० व्हेरिकोसीलवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत पुनरुद्भवाचे प्रमाण ०.६ टक्के होते आणि हायड्रोसील एकही झाले नाही. जांघेच्या किंचित खाली दोन ते तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, त्यामुळे पोटाचे स्नायू कापावे लागत नाहीत. शिरांचे जुडगे बाहेर घेऊन ऑपरेशनच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वाहिनी ओळखली जाते. धमनी आणि लसिकावाहिन्या बाजूस ठेवून शिरा एकेक करून बांधल्या जातात. या पातळीवर शिरा अनेक आणि धमनी बारीक असते. म्हणून हे काम नुसत्या डोळ्यांनी करणे धोक्याचे असते आणि सूक्ष्मदर्शकाने करतानाही ते चिकाटीचे व वेळखाऊ ठरते.

येथेच भाषेचा घोटाळा होतो. आपल्या बोलीत लॅप्रोस्कोपीला 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या शस्त्रक्रियेलाही पुष्कळदा तेच नाव मिळते. नातेवाईक समाधानाने सांगतात, 'दुर्बिणीतून केले, आता पद्धत नवीन आहे.' केलेले मात्र भलतेच असते. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारावे : पोटावर छिद्रे पाडणार, की जांघेजवळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शक वापरणार? काही शल्यचिकित्सक चष्म्याला जोडलेली भिंगे वापरतात. त्यांनी नुसत्या डोळ्यांपेक्षा बरे दिसते, पण सूक्ष्मदर्शकाइतके नाही.

एक वाट शस्त्रक्रियेवाचून जाते. रक्तवाहिन्यांच्या उपचारांत निष्णात असलेले रेडिओलॉजिस्ट मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी सरकवीत सदोष शिरेपर्यंत पोहोचतात आणि धातूच्या सूक्ष्म स्प्रिंगने किंवा औषधाने ती आतून बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. टाका नाही, जागेपुरती भूल पुरते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. लसिकावाहिन्यांना स्पर्शही होत नाही, म्हणून हायड्रोसीलची भीती जवळजवळ नसते. मात्र काही रुग्णांत, विशेषतः उजव्या बाजूला, नळी इच्छित स्थळी पोहोचतच नाही. क्ष-किरणांचा संपर्क होतो तो वेगळाच. एकदा शस्त्रक्रिया होऊनही व्हेरिकोसील परतले असेल, तर ही वाट विशेष उपयोगी पडते.

आकडे काय सांगतात

तुर्कस्तानचे चायान आणि सहकारी यांनी २००९ मध्ये ३६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून या पद्धतींची तुलना केली. शिरा पुन्हा फुगण्याचे प्रमाण पालोमो पद्धतीत सुमारे १५ टक्के, एम्बोलायझेशनमध्ये १२.७, लॅप्रोस्कोपीत ४.३, जांघेतील पारंपरिक शस्त्रक्रियेत २.६ आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे १ टक्का आढळले. हायड्रोसील पालोमो पद्धतीत ८.२ टक्के, पारंपरिक शस्त्रक्रियेत ७.३, लॅप्रोस्कोपीत २.८, तर सूक्ष्मदर्शकाखाली ०.४ टक्के रुग्णांना झाले. नैसर्गिक गर्भधारणा सूक्ष्मदर्शकाच्या गटात सुमारे ४२ टक्के दांपत्यांत झाली आणि इतर गटांत ३० ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान.

हे आकडे वाचताना थोडे थांबावे. गर्भधारणेतील फरक दिसतो तेवढा निर्णायक नाही. हे अभ्यास निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या रुग्णांचे आहेत, आणि गर्भधारणा पत्नीचे वय व प्रकृती यांवरही अवलंबून असते. पुनरुद्भव आणि हायड्रोसील यांतील फरक मात्र एवढा मोठा आहे, की तो केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या पद्धतीला आज पहिली पसंती मिळते, ती मुख्यतः दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागण्याची शक्यता ती कमी करते म्हणून.

शस्त्रक्रियेने मुळात उपयोग होतो का, ही शंकाही अनेकांच्या मनात असते. सौदी अरेबियात १४५ पुरुषांवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याचे उत्तर देतो. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटावर सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या गटास नुसते निरीक्षणाखाली ठेवले. वर्षभरात पहिल्या गटातील ३२.९ टक्के आणि दुसऱ्यातील १३.९ टक्के दांपत्यांत नैसर्गिक गर्भधारणा झाली. फायदा दुपटीहून अधिक आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्या तिघांपैकी दोघांच्या घरी त्या वर्षात गर्भधारणा झाली नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसताना मनात पेढ्यांचा हिशेब मांडू नये, तो यासाठी. निदान तेथे तरी नको.

डॉक्टर आणि पैसा

सूक्ष्मदर्शक असणे आणि तो वापरण्याचा सराव असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, धमनी कशी ओळखता, त्यासाठी डॉप्लर वापरता का, आपल्या रुग्णांत हायड्रोसील किती जणांना झाले, असे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. जाणता शल्यचिकित्सक त्यांची उत्तरे आनंदाने देतो. लॅप्रोस्कोपीत पारंगत असलेल्या डॉक्टरांच्या हातून झालेली लॅप्रोस्कोपी ही नवशिक्या हाताखालील सूक्ष्मदर्शकापेक्षा बरी ठरू शकते. जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयात असा सूक्ष्मदर्शक असतोच असे नाही. ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. महिनाभर थांबून पुणे, मुंबई किंवा नागपूरसारख्या ठिकाणी जाण्याने काही बिघडत नाही.

आरोग्य विम्याविषयी आधीच चौकशी करावी. अनेक पॉलिसींमध्ये वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात आणि रुग्णालयातून निघताना हे कळले की पंचाईत होते. 'बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशा भिंतीवरील जाहिरातींवर पैसे घालविणे तर सर्वस्वी टाळावे. बिघडलेल्या झडपा दुरुस्त करणारे कोणतेही चूर्ण वा तेल उपलब्ध नाही.

घरी आल्यावर

रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवल्याने सूज उतरते. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. वृषणाला आधार देणारा घट्ट लंगोट किंवा सपोर्टर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस वापरावा. जखमेवर हळद, तेल किंवा घरगुती लेप लावू नये. शौचास जोर करावा लागू नये, म्हणून पाणी, फळे, पालेभाज्या यांकडे लक्ष द्यावे. या बाबतीत ज्येष्ठांना अधिक सांगण्याची गरज नाही. घरातल्या घरात चालणे चांगले. बैठे काम आठवडाभरात सुरू करता येते. मात्र जड उचलणे, व्यायामशाळा, सायकल आणि मोटारसायकल यांना दोन ते चार आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार, विराम द्यावा. किंचित निळेपणा आणि दुखरेपणा अपेक्षितच असतो. ताप, पू, वाढती लाली, झपाट्याने वाढणारी सूज किंवा गोळ्यांनी न थांबणाऱ्या वेदना असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी होते. त्याआधी केल्यास जुन्याच शुक्राणूंचा अहवाल हाती येतो आणि विनाकारण निराशा पदरी पडते. सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत संख्येत किंवा हालचालीत सुधारणा दिसते. ज्यांच्यात ती अपुरी राहते, त्यांनाही कधी कधी टेस्ट ट्यूबऐवजी गर्भाशयात शुक्राणू सोडण्याच्या सोप्या उपचाराने काम भागविता येते. या तीन महिन्यांत सुनेला दर महिन्याला काही विचारू नये. तारीख लक्षात राहावी म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण केलीत, तरी शेजारी काही लिहू नका. पाहुण्यांची नजर तेथे हटकून जाते.

आजोबांनी स्वतःसाठी

आतापर्यंतचे विवेचन तरुणांविषयी झाले. व्हेरिकोसील बहुधा किशोरवयात सुरू होते. पन्नाशी-साठीनंतर वृषणकोषात, कधी नव्हत्या अशा फुगीर शिरा अचानक दिसू लागल्या, तर त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. मूत्रपिंडातील किंवा पोटातील गाठीने शिरेचा मार्ग अडविल्यामुळेही असे होते. साधे व्हेरिकोसील आडवे झाल्यावर ओसरते. आडवे होऊनही ते तसेच राहिले, ते फक्त उजव्या बाजूस असले, अथवा जोडीला लघवीतून रक्त, कुशीत दुखणे किंवा वजनातील घट असली, तर 'या वयात काय दाखवायचे' म्हणून संकोचू नये. मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे आणि वृषणाबरोबर पोटाचीही सोनोग्राफी करून घ्यावी.